इतर परिस्थिती कायम असता

दहावीनंतर गणित मी सोडलं होतं
मागं वळून न बघता.
एम.ए.च्या पहिल्याच सत्रात ते पुन्हा दारात उभं:
पेपर तिसरा, अर्थशास्त्रासाठी प्राथमिक गणित.

हिरेमठ मॅडम फळ्यावर क्ष लिहितात,
त्याच्यापुढं एक बाण, बाणापुढं शून्य.
"क्ष शून्याकडे जातो. जातच राहतो. पोचत नाही."
बाहेर विद्यापीठाच्या झाडीत मोर ओरडतो.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, केएमटीसारखं.
वर्ग हसतो, मॅडमही हसतात.
माझं हसायचं राहतं, कारण मी हे बघितलंय

उद्यमनगरात, आमच्या दहा बाय पंधराच्या शेडात.
अब्बा लेथवर व्हॉल्व्हची बॉडी लावतात,
टूल पुढं सरकतं केसभर, मग केसाच्या निम्मं,
मग नुसतं सरकल्यासारखं.
अजून दोन थाउ, ते म्हणतात, स्वतःलाच,
आणि अंगठ्याच्या नखानं मापतात
जे मला वहीत तीन ओळी करूनही येत नाही.

सीमांत खर्च: आणखी एक नग केला तर वाढणारा खर्च.
मी घरी विचारलं, आणखी एक केला तर?
"कवा?" अब्बा म्हणाले. "दुपारी चारला का रात्री धाला?
दुपारचा नग म्हंजे नग.
रात्रीच्या नगात इन्सर्टचा कोपरा जातोय,
इर्शादला वडापाव लागतोय, माझा खांदा लागतोय."
पुस्तकात खांद्याला चिन्ह नाही.

सुट्टीच्या दिवशी त्यांची डायरी घेऊन बसले,
पतसंस्थेनं वाटलेली, गेल्या सालची, तारखा खोडून चालवलेली.
शेडभाडं, लेथचा हप्ता, लाईटचा ठरलेला आकार, इर्शादचा पगार,
महिन्याला बेचाळीस हजार.
नगाला मिळतात अडतीस, जातात सतरा, हातात एकवीस.
बेचाळीस हजार भागिले एकवीस.
दोन हजार. बाकी शून्य.
जन्मात पहिल्यांदा भागाकारानं माझं ऐकलं.

अब्बा काढतात दोन हजार एकशे पन्नास.
मी आलेख काढला, दोन रेषा,
त्या भेटतात तिथं लाल ठिपका.
"हितं आपण," ठिपक्याच्या जरा उजवीकडं बोट ठेवून.
त्यांनी रेषेवरून नख फिरवलं
कास्टिंगवर ब्लोहोल शोधावा तसं.
"लई सरळ मारलीयास की गं."

मग विचारलं. विचारायला नको होतं.
अब्बा, तुमचा पगार कुठल्या पानावर आहे?
"माझा?"
ते डायरीकडं बघत राहिले, जणू खरंच एखादं पान चिकटून राहिलं असेल.
"माझा कसला पगार? मी मालक हाय न्हवं."
आणि चहा आणायला उठले.

गोकुळ शिरगावला ऑपरेटरला अठरा हजार देतात.
बेचाळीस आणि अठरा, साठ.
साठ हजार भागिले एकवीस:
दोन हजार आठशे सत्तावन्न, मग टिंब,
मग एक चार दोन आठ पाच सात,
पुन्हा एक चार दोन आठ पाच सात,
थांबायचं नाव नाही.
ठिपका सरकत सरकत कागदाबाहेर गेला.
मी पेन्सिलीनंच केलं होतं सगळं. तरी खोडलं नाही.
घडी घालून डायरीत ठेवलं, मार्चच्या पानात,
आणि चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली.

परीक्षेत तेच आलं. समतोल बिंदू काढा, आठ गुण.
कुठल्यातरी उद्योगाचा कुठलातरी स्थिर खर्च.
आकडे नेमके, उत्तर नेमकं.
शेवटी लिहावं लागतं: इतर परिस्थिती कायम असता.
लिहिलं.
मग वेळ उरला होता, पंखा आवाज करत होता,
मी खालच्या ओळीत लिहिलं,
समजा, ख म्हणजे खांदा.
आणि पर्यवेक्षक जवळ यायच्या आत
त्यावर एक रेघ मारली,
लई सरळ.